थेंबाचे माप, रिपोर्टची खात्री

गरोदर बाईचे रक्त तपासले आणि रिपोर्टवर हिमोग्लोबिन ११ आले, की घरातले सगळे निर्धास्त होतात. आपल्याकडे गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले तर रक्तक्षय धरतात. म्हणजे ११ आले तर बाई काठावर का होईना, पास झाली. पण हा आकडा येतो कुठून? तो येतो रक्ताच्या एका अगदी लहान हिश्शातून. तो हिस्सा मापतात कसा, मापताना चूक कुठे होते आणि ती टाळणारे साधन कसे घडवलेले असते, याबद्दल या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही बोलणार आहोत.

हिमोग्लोबिन मोजण्याच्या जुन्या सहली पद्धतीत २० मायक्रोलिटर रक्त लागते. एका मिलिलिटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोलिटर. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे अर्ध्या थेंबाहूनही कमी रक्तावर हा निकाल ठरतो. काचेच्या बारीक नळीवर २० ची खूण असते, तिथपर्यंत रक्त ओढायचे, नळी बाहेरून पुसायची आणि रक्त आम्लात सोडायचे. समजा नळी पुसलीच नाही आणि बाहेर चिकटलेले २ मायक्रोलिटर रक्तही आम्लात गेले. २० च्या जागी २२ झाले, म्हणजे दहा टक्के जास्त. ज्या बाईचे हिमोग्लोबिन खरोखर १० आहे तिच्या कागदावर ११ येते. तिच्या रक्तक्षयाकडे लक्ष जात नाही, आणि बाळंतपणात रक्त गेले तर तिच्या अंगात शिल्लक काही नसते. उलट नळीत बुडबुडा शिरला तर रक्त कमी जाते आणि धडधाकट माणूस आजारी ठरतो.

पूर्वी ही नळी तोंडाने ओढत. नळीला रबरी नळी जोडायची आणि तिचे टोक ओठांत धरून हलकेच श्वास घ्यायचा. श्वास जरा जोरात गेला की रक्त, थुंकी किंवा जंतूंचे द्रावण थेट तोंडात. प्रयोगशाळेत असा टायफॉइडचा संसर्ग झाल्याची नोंद १८९३ सालची आहे. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात हे कळल्यावर तर तोंडाने ओढणे हा धोकाच ठरला. आज सुरक्षिततेच्या नियमांत ते पूर्णपणे वर्ज्य आहे.

यावर तोड निघाली ती जर्मनीत. १९५७ साली मारबुर्ग विद्यापीठात हाइनरिश श्निट्गर या डॉक्टरने तोंडाच्या जागी दट्ट्या आणि स्प्रिंग बसवली आणि पुढे बदलता येणारी प्लास्टिकची टिप लावली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पिपेट बाजारात आली. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या वॉरन गिल्सन यांनी हवे ते माप फिरवून लावता येईल अशी पिपेट आणली. आज लॅबमध्ये टेक्निशियनच्या हातात जी पेनासारखी जाड मायक्रोपिपेट दिसते, ती याच घराण्यातली.

तिचे काम समजायला आपल्या रावेर-यावलच्या केळीच्या बागेत चला. मोटारीचे पाणी उघड्या पाइपातून सोडले तर ते उसळत धावते, कुठे चिखल करते तर कुठे पोहोचतही नाही. तेच पाणी ठिबकच्या ड्रीपरमधून गेले की प्रत्येक झाडाला ठरलेल्या मापाने मिळते. ड्रीपरच्या आतली वाट अरुंद आणि नागमोडी असते, ती पाण्याचा जोर मोडते. पिपेटच्या टिपचे निमुळते टोकही हेच करते. नळीचे भोक निम्मे केले तर तेवढ्याच दाबाने जाणारा प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळावा हिस्सा होतो. म्हणून टोकाच्या भोकात केसाएवढा फरक पडला तरी माप बिघडते. भोक फार रुंद असेल तर थेंब आपोआप गळतो; फार बारीक असेल तर रक्तासारखा दाट पदार्थ वर चढायला वेळ घेतो आणि मागे हवा शिरते.

दट्ट्या आणि रक्त यांच्यामध्ये हवेचा एक थर असतो. दट्ट्या वर गेला की ती हवा ताणली जाते आणि द्रव टिपमध्ये चढतो. दट्ट्या रबरी कड्यातून न अडखळता सरकला पाहिजे. त्यासाठी तो गुळगुळीत घासलेला असतो आणि कड्याला विशेष ग्रीस लावतात. अंगठ्याने बटण दाबताना दोन थांबे लागतात. पहिला थांबा मापाचा. द्रव सोडताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबले की टोकाला अडून राहिलेला शेवटचा थेंबही हवेच्या फुंकरीने बाहेर पडतो. स्प्रिंग फार कडक असेल तर दिवसभरात शेकडो नमुने हाताळणाऱ्याचा अंगठा दुखतो, आणि दुखऱ्या अंगठ्याची हालचाल एकसारखी राहत नाही. म्हणून चांगल्या बनावटीत स्प्रिंग मऊ ठेवतात. काही पिपेटमध्ये तर दट्ट्या छोट्या मोटारीने हलतो आणि वेगही आधी ठरवता येतो.

यंत्र कितीही चांगले असले तरी अंगठा झटकन सोडला तर सगळे वाया जाते. द्रव उसळतो, बुडबुडे धरतो, त्याचे तुषार थेट पिपेटच्या पोटात जातात. अंगठा सावकाश सोडायचा, रक्त असेल तर टिप क्षणभर तशीच बुडवून ठेवायची, मग उभी बाहेर काढायची. द्रव सोडताना टिपचे टोक नळीच्या भिंतीला टेकवायचे.

खानदेशात आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे ऊन. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, धुळ्याची हवा तापलेली आणि कोरडी असते. कोरड्या टिपमध्ये द्रव चढताच त्यातला थोडा भाग वाफ होऊन हवेच्या थरात मिसळतो, तो थर फुगतो आणि द्रव मापापेक्षा कमी भरतो. उपाय साधा आहे: तोच द्रव दोन-तीनदा आत-बाहेर करून टिप आतून ओली करायची, मग खरे माप घ्यायचे. फ्रीजमधून काढलेले रसायन खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे. पिपेट खिडकीतल्या उन्हात ठेवायची नाही आणि काम नसताना मुठीत धरून बसायचे नाही, कारण हाताच्या उबेनेही आतली हवा फुगते.

मापाचा हा प्रश्न सिकलसेलच्या तपासणीत फार जवळचा होतो. धुळे जिल्ह्यात शिरपूर-साक्री आणि जळगाव जिल्ह्यात चोपडा-यावल-रावेर भागातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये हा आजार आहे. विदर्भात तो आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि बुलढाणा-अकोल्याकडे आपल्या सोयरिकी होतातच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिचे लक्ष्य २०४७ सालचे आहे. प्राथमिक तपासणीत साधारण २ मिलिलिटर रसायनात २० मायक्रोलिटर रक्त मिसळतात आणि पाच मिनिटांनी नळीमागे रेघा असलेला कागद धरतात. सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, द्रावण गढूळ होते आणि रेघा दिसत नाहीत. रक्त मापापेक्षा फार कमी पडले तर द्रावण पुरेसे गढूळ होत नाही आणि वाहक माणूस 'निगेटिव्ह' ठरतो. रुग्णाच्या अंगात रक्तच फार कमी असेल तरीही असेच घडू शकते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळातही ही तपासणी फसू शकते. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. चुकीच्या निगेटिव्हची किंमत पुढची पिढी मोजते.

अंगठ्यावरचा भार कमी करणारी साधनेही आली आहेत. 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात २०१८ पासून गावपातळीवर डिजिटल हिमोग्लोबिनोमीटरवर भर आहे. काही यंत्रांत प्लास्टिकची छोटी पट्टी थेंबाला टेकवली की तिच्यातली अरुंद फट ठरलेले रक्त आपणच शोषून घेते. शहरातल्या लॅबमधली सेल काउंटर यंत्रे मोटारीने माप घेतात. तरी रसायने तयार करताना आणि बाकीच्या कित्येक तपासण्यांत हातातली पिपेट लागतेच.

वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात अशा काही गोष्टी सांगतो. बोट टोचल्यावर ते पिळू देऊ नका. पिळल्याने अंगातले पाणी रक्तात मिसळते आणि आकडा कमी येतो. पहिला थेंब पुसून दुसरा घेतला पाहिजे. धाप लागते, चक्कर येते, डोळे पांढरे दिसतात, तरी रिपोर्ट चांगला आला असेल तर डॉक्टरांना सांगून तपासणी पुन्हा करून घ्या. घराण्यात सिकलसेल असेल तर प्राथमिक तपासणीवर थांबू नका. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करायला सांगा, वाहक कोण आणि रुग्ण कोण हे त्यातूनच कळते. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे चौकशी करा. कुठे कोणी तोंडाने रक्त ओढताना दिसले तर गप्प बसू नका. धोका त्या कर्मचाऱ्यालाही आहे.

आपली कितीतरी मुले-मुली आज डीएमएलटी करून लॅबमध्ये उभी आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे: भरलेली पिपेट काही सेकंद उभी धरून बघा, टोकाला थेंब जमला तर ती गळते आहे. १०० मायक्रोलिटर पाणी लॅबच्या नाजूक काट्यावर दहा वेळा तोला. प्रत्येक वेळी ०.१ ग्रॅमच्या आसपास आले तर हात आणि यंत्र दोन्ही ठीक आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांचा अंगठा सावकाराच्या कागदावर उठत होता आणि त्या कागदात काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. आज नातवंडांच्या अंगठ्यावर दुसऱ्याच्या रिपोर्टचा खरेपणा अवलंबून आहे. तो अंगठा सावकाश सोडा.