नक्षी शाबूत, तरी टायर निकामी?

टायर बदलण्याची वेळ आली की नाही, हे ठरवताना बहुतेक वाहनधारक आधी नक्षी पाहतात. ती झिजून टायर गुळगुळीत झाला की तो बदलायचा, हा रोजच्या वापरातील वाहनांसाठी योग्य ठोकताळा आहे. मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराच्या, बाबतीत मात्र तो फसवा ठरतो. अमेरिका व युरोपात लाखो कुटुंबे अशी वाहने बाळगतात. ती वर्षातील काही आठवडे रस्त्यावर असतात आणि उरलेला काळ अंगणात किंवा वाहनतळावर उभी राहतात. त्यामुळे नक्षी झिजण्याच्या कितीतरी आधी टायरचे रबर म्हातारे होते.

रबर म्हातारे कसे होते?

टायरमध्ये भरलेल्या हवेतील प्राणवायू दाबामुळे हळूहळू रबराच्या थरांत शिरतो आणि त्याचा रबराशी संयोग होतो. या क्रियेने रबर कडक होते आणि पोलादी तारांच्या पट्ट्यांना धरून ठेवणारी त्याची पकड सैल पडते. उष्णता वाढली की ही क्रिया वेग घेते. बाहेरून ऊन आणि हवेतील ओझोन रबराला तडे पाडतात. त्यापासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेणासारखी संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो व ताणला जातो, तेव्हा ही द्रव्ये पृष्ठभागावर येतात. उभ्या वाहनाच्या टायरला हे संरक्षण पुरेसे मिळत नाही. कमी वापरलेला टायर अधिक टिकतो, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

उष्णतेचा परिणाम किती मोठा असतो, हे अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००७ मध्ये संसदेला सादर केलेल्या अहवालातून दिसते. एका मोठ्या विमा कंपनीचे २७ टक्के ग्राहक टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या उष्ण राज्यांत होते. टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे मात्र तेथूनच आले. त्यातील ८४ टक्के दाव्यांतील टायर सहा वर्षांहून जुने होते.

जन्मतारीख टायरवरच

टायरचे वय खरेदीच्या पावतीवरून नव्हे, उत्पादनाच्या तारखेवरून मोजावे. टायरच्या बाजूवर कोरलेल्या सांकेतिक क्रमांकातील शेवटचे चार अंक ही तारीख सांगतात. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३५१८’ याचा अर्थ २०१८ चा ३५ वा आठवडा, म्हणजे ऑगस्टची अखेर. २००० पूर्वीच्या टायरवर तीनच अंक असत. असा टायर कोणत्याही वाहनावर आढळला तर तो तत्काळ काढावा. पूर्ण क्रमांक काही वेळा टायरच्या आतील बाजूस असतो. त्यासाठी वाहनाखाली जाऊन पाहावे लागते. स्टेपनीचीही तारीख पाहावी. न वापरलेली असली, तरी तिचेही वय होतच असते.

पाच, सहा की दहा?

किती वर्षांनी टायर बदलावा, याबाबत सर्वांचे एकमत नाही. काही मोटार उत्पादक नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांनी टायर बदलण्याची शिफारस करतात. मिशलँसारखी टायर कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांनंतर टायर वापरूच नये, असे सांगते. जर्मनीत कॅराव्हॅनसारखे मागे जोडलेले वाहन ताशी १०० किलोमीटर वेगाने ओढण्याची परवानगी हवी असेल, तर तिचे टायर सहा वर्षांहून कमी वयाचे असावे लागतात.

ब्रिटनला हा धडा मोठी किंमत मोजून मिळाला. सप्टेंबर २०१२ मध्ये संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांची बस सरे परगण्यात झाडावर आदळली आणि तिघांचा मृत्यू झाला. तिचा फुटलेला पुढचा टायर साडेएकोणीस वर्षांचा होता. मृत तरुणांपैकी एकाच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून मालमोटारी व बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास तेथे बंदी झाली.

निर्णय कसा घ्यावा?

या सर्वांतून व्यवहार्य क्रम निघतो. पाच वर्षांपर्यंत नेहमीची देखभाल पुरते. पाचव्या वर्षानंतर दरवर्षी टायर रिमवरून उतरवून आतूनबाहेरून तपासून घ्यावा. सहा-सात वर्षांच्या टप्प्यावर वाहन उष्ण प्रदेशात, उन्हात किंवा पूर्ण भाराने वापरले जात असेल, तर टायर बदलणेच शहाणपणाचे. दहा वर्षे ही शेवटची मर्यादा. तिच्यापुढे सवलत नाही. बाजूवर खोल तडे, फुगवटा, किंवा धावताना नव्याने जाणवणारी थरथर आढळल्यास वयाचा विचार न करता टायर काढावा. मात्र तडे दिसत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. आतील थर सुटू लागल्याची खूण बाहेर दिसेलच असे नाही.

खर्चामुळे सर्व टायर एकदम बदलणे शक्य नसेल, तर नवे टायर आधी पुढे बसवावेत. पुढचा टायर फुटल्यास अवजड वाहनाचे सुकाणू सांभाळणे फार अवघड जाते. मागील जोडचाकांपैकी आतले चाक सहसा दुर्लक्षित राहते. त्यातील हवा कमी झाली, तर सारा भार शेजारच्या चाकावर पडतो.

टायरचे आयुष्य वाढवण्याचे उपायही आहेत. पाण्याची टाकी, सामान व माणसांसह वाहनाचे वजन काट्यावर करावे आणि प्रत्येक आसावरील भारानुसार हवेचा दाब ठेवावा. दाब टायर थंड असतानाच मोजावा. वाहन उभे असताना टायरवर आच्छादन घालावे आणि ते अधूनमधून चालवावे. चकाकीसाठी पेट्रोलियमयुक्त द्रावणे लावू नयेत.

महाराष्ट्रातही गरज

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा पाहता अशा वाहनांच्या मालकांनी टायरच्या तारखेकडे विशेष लक्ष द्यायला हवे. इमारतीखाली महिनोन्महिने उभ्या असलेल्या आणि सुटीत एकदम समृद्धी महामार्गावर धावणाऱ्या मोटारींनाही हेच लागू पडते. भाड्याने कॅराव्हॅन घेणाऱ्या कुटुंबानेही निघण्यापूर्वी ते चार अंक वाचावेत. त्याला दोन मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.