वाळवणाच्या खोलीतला लाल कोळी

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात स्मिथ्स फॉल्स नावाचं छोटं गाव आहे. तिथला हर्शीचा चॉकलेट कारखाना 2008 मध्ये बंद पडला आणि काही वर्षांनी त्याच इमारतीत ट्वीड ही कंपनी सरकारी परवान्यानं गांजा पिकवू लागली. (2023 मध्ये हर्शीनं ती इमारत परत विकत घेतली, हा भाग वेगळा.) 17 ऑक्टोबर 2018 पासून कॅनडात प्रौढांना गांजा कायद्यानं मोकळा झाला. आपल्याकडे 1985 च्या कायद्यामुळे ज्याचं नाव काढलं की पोलीस आठवतात, ते पीक तिथं काकडी-टोमॅटोच्या रांगेत जाऊन बसलं. आणि पीक म्हटलं की कीड आलीच.

कीडही आपल्या ओळखीची. टेट्रानिकस अर्टिसी, म्हणजे नाशिक-तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा लाल कोळी. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण हजाराहून अधिक वनस्पतींवर पोट भरणारा. पानाखाली बसून पेशी शोषतो, वर फिकट ठिपके उमटतात, मग जाळी दिसू लागते. उष्ण, कोरड्या हवेत अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला आठवडाभर पुरतो.

द्राक्षात फवारणी करून काढणीपर्यंत ठरलेले दिवस थांबता येतं. गांजात विकायचा असतो तो फुलोराच. तो राळेनं चिकट असतो, धुऊन खायचा नसतो, आणि पुष्कळदा जाळून त्याचा धूर छातीत घेतला जातो. 2016-17 मध्ये कॅनडातल्या काही परवानाधारकांच्या मालात मायक्लोब्युटॅनिल सापडलं आणि माल परत मागवावा लागला. हे आपल्याकडे द्राक्षावरच्या भुरीला मारतात तेच बुरशीनाशक. तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. 2019 पासून तिथं कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी सक्तीची झाली. आता उत्पादकाच्या हाती उरतात साबणाची द्रावणं, काही तेलं आणि मित्रकिडी. त्यातला फायटोसिउलस पर्सिमिलिस हा भक्षक कोळी फक्त जाळीवाल्या कोळ्यांवर जगतो. नेदरलँड्समधल्या यान कोपर्ट या काकडी उत्पादकानं 1967 मध्ये सुरू केलेला मित्रकिडींचा धंदा याच कोळ्यावर उभा राहिला.

झाड कापलं की हे सगळे उपाय संपतात. म्हणून मला या धंद्यात सर्वांत रंजक वाटते ती वाळवणाची खोली. अंधार, 15 ते 20 अंश तापमान, 50 ते 60 टक्के आर्द्रता, हलकी फिरती हवा. फांद्या उलट्या टांगलेल्या. बेदाण्याच्या शेडमध्येही माल असाच उन्हाआड सुकतो, पण तिथं आधी डिपिंग ऑइलमध्ये बुडवण्याची सोय असते. इथं तीही नाही. काढणीच्या वेळी फुलोऱ्यात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी असतं. ते आठवडा-दोन आठवड्यांत दहा-बारा टक्क्यांवर आणायचं. घाई केली तर सुगंधी टर्पीन उडून जातात, रेंगाळलं तर बुरशी धरते.

कोळ्याला हे सगळं लगेच कळतं. पान मलूल झालं की तो अन्न शोधत निघतो, टोकांकडे सरकतो, टांगलेल्या दोरीवर चढतो, गर्दी करून जाळं विणतो. नवखा उत्पादक ते बघून हबकतो. खरं तर हे जिवंत कोळी ही तितकीशी चिंतेची बाब नाही; ओलं पान नसेल तर ते उपासानं मरतात. पण मेलेले कोळी, त्यांच्या काती, अंडी, विष्ठा आणि जाळं राळेत तसंच रुतून राहतं. वाळवण कीड मारतं, काढत नाही. या खोलीतला निकाल काढणीच्या आधीच लागलेला असतो, असं माझं मत. कापणीच्या दिवशी भिंग घेऊन जाळी धरलेले शेंडे वेगळे काढणं हे कुठल्याही यंत्रापेक्षा उपयोगी.

कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावता येतात. ही घरगुती मंडळी कापलेल्या फांद्या पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून बुचकळतात, मग साध्या पाण्यातून काढतात. बाहेरची घाण बरीच निघते. दाट फुलोऱ्याच्या आतलं जाळं मात्र निघत नाही, आणि नंतर पंख्याखाली पाणी झटपट उडवलं नाही तर बुरशीला आयतं आमंत्रण. शिवाय ओलाव्यावर दुसराच कोळी येतो: टायरोफॅगस, धान्य-चीजवरचा, बुरशी खाणारा. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांखाली ठेवली की त्याचं फारसं चालत नाही.

लाल कोळ्याची खरी खोड रिकाम्या खोलीत कळते. रात्र लांबली, गारवा वाढला की त्याच्या माद्या नारिंगी होतात, खाणं सोडतात आणि भेगांत महिनोन्महिने दडून बसतात. म्हणून दोऱ्या, जाळ्या, चाकं, गटाराच्या कडा, सगळं प्रत्येक खेपेनंतर धुवावं लागतं, आणि वाळवणातून निघालेला माणूस कपडे बदलल्याशिवाय वाढीच्या खोलीत जात नाही.

कोळी लागलेला माल डबीत न भरता अर्क काढायला देण्याची वाटही आहे. पण फवारा मारलेला असेल तर ते औषध अर्कात अधिक दाट होऊन उतरतं. चोरून फवारणाऱ्याला ती वाटही बंद.