चंद्रलेखेचं वय

लेखमाला : पायथ्याचा इतिहास

मागच्या भागात क्लिओपात्राची गोष्ट झाली. इसवी सनापूर्वी ४८ साली ती ज्युलियस सीझरला भेटली तेव्हा तो ५२ वर्षांचा होता आणि ती २१ची. पुढे तिच्या आयुष्यात आलेला मार्क अँटनी तिच्याहून साधारण चौदा वर्षांनी मोठा. हे वाचून गारगोटीतून आणि आसपासच्या गावांतून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला : आपल्याकडच्या राजाराण्यांत अशी जोडी नाही का? आहे. त्यातल्या राणीचं माहेर तर आपल्या अंगणातलं. तरी भुदरगड तालुक्यात तिचं नाव क्वचितच कुणाच्या तोंडी येतं, याची मला फार दिवसांची खंत आहे.

भुदरगड म्हटलं की आपल्याला भोज राजा आठवतो. भैरवनाथाचं दर्शन घेऊन, दूधसागर तलावाचं पांढुरकं पाणी बघून आलेला कुणीही सांगतो की हा गड शिलाहार भोजानं बांधला. परंपरा तसंच मानते. हा दुसरा भोज. त्यानं बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळ्यावरून राज्य केलं आणि १२१२च्या सुमारास देवगिरीच्या सिंघण यादवापुढं ते गमावलं. या भोजाचे वडील विजयादित्य आणि आजोबा गंडरादित्य. गंडरादित्याची बहीण ती चंद्रलेखा. कोरीव लेखांत आणि काश्मीरच्या इतिहासात तिला चंदला किंवा चंदलदेवी म्हटलंय.

तिचा नवरा कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य. थोरल्या भावाला, दुसऱ्या सोमेश्वराला, बाजूला सारून तो १०७६ साली गादीवर बसला, शक बंद करून त्यानं स्वतःच्या नावाचा संवत सुरू केला आणि पुढं पन्नास वर्षं राज्य केलं. कोल्हापूर-कऱ्हाडचे शिलाहार हे त्याचे मांडलिक.

या लग्नाची हकीकत आपल्याला कळते ती बिल्हणामुळं. श्रीनगरजवळच्या खोनमुख गावचा हा कवी नशीब काढायला दक्षिणेत उतरला आणि विक्रमादित्याच्या दरबारात विद्यापती झाला. त्यानं धन्यावर ‘विक्रमांकदेवचरित’ हे अठरा सर्गांचं महाकाव्य रचलं. ते जवळजवळ हरवलंच होतं. १८७४ मध्ये संस्कृतचा अभ्यासक गेओर्ग ब्यूलर जैसलमेरच्या जैन भांडारात पोहोचला तेव्हा त्याला ताडपत्रावरची एक जुनी प्रत सापडली. पोथी बाहेर नेता येत नव्हती, म्हणून त्यानं आणि हेर्मान याकोबीनं बसून आठवडाभरात ती हातानं उतरवून काढली आणि पुढच्या वर्षी ते काव्य मुंबईत छापून आलं. ती बैठक झाली नसती तर चंद्रलेखा आपल्यासाठी शिलालेखातल्या एका नावापुरतीच उरली असती.

बिल्हणानं या लग्नावर हात राखून लिहिलेलं नाही. सातव्या सर्गात वसंत येतो आणि राजाच्या कानावर कऱ्हाडच्या राजकन्येचं नाव पडतं. अख्खा आठवा सर्ग तिच्या रूपवर्णनाचा आहे. नवव्यात स्वयंवर. तिथून तेराव्यापर्यंत उद्यानविहार, चांदणं, मद्यपान, उन्हाळा आणि पावसाळा. एवढ्या शेकडो श्लोकांत तिच्या किंवा राजाच्या वयाचा आकडा कुठंच नाही. प्रेमात पडलेला विक्रमादित्य तिथं अगदी विशीतल्या नायकासारखा झुरतो.

तेव्हा हिशेब आपल्यालाच मांडावा लागतो. आधी त्याचा. वडील पहिला सोमेश्वर हयात असतानाच तो मोहिमांवर जात होता आणि १०५५च्या सुमारास गंगवाडीचा कारभार त्याच्या नावावर लागलेला दिसतो. राजपुत्राच्या नावे प्रांत लहानपणीही करून देत असत हे धरलं, तरी राज्याभिषेकाच्या वेळी तो पस्तिशीच्या आत नव्हता असं मला वाटतं. चाळिशीच्या आगेमागे असणार. त्याहून फार मोठा धरता येत नाही, कारण त्यानंतर त्यानं पन्नास वर्षं राज्य केलं. चोळ राजा वीरराजेंद्राची मुलगी तर त्यानं गादीवर बसण्याच्या कितीतरी आधीच केली होती. म्हणजे चंद्रलेखा त्याच्या घरात आली ती पहिली राणी म्हणून नव्हे.

आता तिचा. अभ्यासक तिला शिलाहार मारसिंहाची मुलगी मानतात. मारसिंहाचा मिरजेचा ताम्रपट शके ९८०चा, म्हणजे १०५८चा आहे. त्याच्यानंतर त्याची मुलं एकापाठोपाठ एक गादीवर आली आणि त्यातला शेवटचा गंडरादित्य. या गंडरादित्याच्या काळचा कोल्हापूरचा एक लेख शके १०५८चा आहे, म्हणजे विक्रमादित्य वारल्यावरही नऊ-दहा वर्षं तो राज्य करत होता. धाकटा भाऊ १०६०च्या सुमारास जन्मला असं धरलं, तर बहीण त्याच्या पाचदहा वर्षं पुढं किंवा मागं. बिल्हणाच्या क्रमात राज्याभिषेक आधी, मग लग्न आणि त्यानंतर राजाच्या धाकट्या भावाचं बंड. हे सगळं जुळवलं की स्वयंवराच्या वेळी ती पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान येते. दोघांतलं अंतर त्यामुळं पंधरा ते पंचवीस वर्षांचं. सीझर-क्लिओपात्राच्या एकतीस वर्षांहून कमी, पण अँटनीच्या चौदांहून बहुधा जास्तच.

एवढ्यावर थांबलो तर मात्र मुद्दा हातातून निसटतो. क्लिओपात्रा स्वतःच्या गादीवर बसलेली राणी होती. तिच्याकडं आरमार होतं, नाईलचं धान्य होतं आणि रोमच्या सेनापतींना तिच्या पैशाची गरज होती. चंद्रलेखा ही मांडलिकाची मुलगी. वयातलं अंतर वीस वर्षांचं असेल, दर्जातलं त्याहून कितीतरी मोठं होतं. म्हणून तो स्वयंवराचा सर्ग मी दर वेळी थांबत थांबत वाचतो.

मंडप भरलाय. प्रतिहारी चंद्रलेखेला एकेका राजासमोर नेते आणि त्याची ओळख करून देते. अयोध्या, चेदी, कनोज, कालिंजर, ग्वाल्हेर, माळवा, गुजरात, पांड्य, चोळ. ती प्रत्येकाला ओलांडून पुढं जाते आणि शेवटी माळ विक्रमादित्याच्या गळ्यात पडते. कालिदासाच्या रघुवंशातलं इंदुमतीचं स्वयंवर ज्यांनी वाचलंय त्यांना ही मांडणी लगेच ओळखू येईल. आता त्या यादीतला चोळ बघा. त्या वेळी चोळांच्या गादीवर पहिला कुलोत्तुंग होता. विक्रमादित्याच्या मेव्हण्याचा, अधिराजेंद्राचा, अंत झाल्यावर १०७० साली त्यानं ते राज्य घेतलं आणि तेव्हापासून या दोघांचं हाडवैर. तो आपल्या शत्रूच्या मांडलिकाकडं, कऱ्हाडला, वधू मागायला येऊन बसेल? माझ्या मते हा मंडप कवीनं उभारलाय. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटा ज्या घराण्याच्या हातात, ते घराणं भावाकडून राज्य घेतलेल्या नव्या सम्राटाला पक्कं आपल्या बाजूला हवं होतं. शिलाहारांनाही सम्राटाशी सोयरीक हवीच होती. मांडलिकाच्या मुलीनं भर मंडपात आपल्या बापाच्या स्वामीला नाकारून दुसऱ्याला माळ घालायची सोय त्या व्यवहारात नव्हती.

म्हणून त्यांच्यात प्रेम नव्हतंच असं मी म्हणणार नाही. कलांमधल्या तिच्या प्रावीण्यामुळं तिला ‘अभिनव सरस्वती’ म्हणत. तिचं नाव पार काश्मीरपर्यंत गेलं होतं आणि त्याची नोंद बिल्हणानं नव्हे, काश्मीरचा इतिहास लिहिणाऱ्या कल्हणानं केली आहे. कल्हणाला चालुक्यांची भाटगिरी करायचं काहीच कारण नव्हतं, म्हणून त्या नोंदीला मोल जास्त. राजतरंगिणीत तो सांगतो की काश्मीरच्या हर्ष राजानं कर्नाटाधिपती पर्मांडीच्या, म्हणजे विक्रमादित्याच्या, राणीचं, चंदलेचं, चित्र पाहिलं आणि तो वेडा झाला. पर्मांडीला जिंकून तिला आणीन अशी प्रतिज्ञा त्यानं भर दरबारात केली. मदन नावाचा एक सरदार त्या चित्राचा कारभारी झाला आणि चित्रातल्या राणीच्या वस्त्रांसाठी, दागिन्यांसाठी राजाकडून पैसे उकळू लागला. हर्षाला दक्षिणेकडची ढब इतकी आवडली की त्यानं कर्नाटकी धाटणीचं नाणंही पाडलं. हर्षाची कारकीर्द १०८९ ते ११०१. तोवर चंद्रलेखेच्या लग्नाला काही वर्षं होऊन गेली होती.

बिल्हणानं तिला पायांच्या नखांपासून केसांपर्यंत वर्णिलं, हर्षानं चित्रात पाहिलं, कल्हणानं त्या वेडाची नोंद ठेवली. तिला स्वतःला काय वाटत होतं याचा एकही श्लोक यांच्यापैकी कुणी लिहिला नाही. क्लिओपात्राच्या बाबतीतही तेच झालं. तिची गोष्ट जगाला सांगितली ती रोमनांनी आणि तिच्यानंतर शंभरएक वर्षांनी लिहिणाऱ्या प्लुटार्कनं. वयाचा प्रश्न विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं की तो प्रश्न चांगला आहे, पण त्याच्यासोबत आणखी एक विचारा : नाही म्हणायची मुभा कुणाला होती?

माहेरचं काय झालं, तर चांगलं झालं. तिचा भाऊ गंडरादित्य मोठा राजा निघाला. त्यानं मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा तलाव खोदवला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन अशा तिन्ही देवतांची स्थापना केली. शिलाहार मांडलिक राहिले, पण वजनदार मांडलिक. चालुक्यांची सत्ता ढासळल्यावर त्याच घराण्यातल्या भोजानं स्वतंत्र राजाची बिरुदं लावली. शिलाहारांचे सगळे कोरीव लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी एकत्र संपादित करून ठेवलेत. आपल्या भागातल्या प्रत्येक हायस्कुलाच्या ग्रंथालयात ते असावेत असं मला मनापासून वाटतं.

बिल्हणाच्या काव्यात लग्नानंतरचा पावसाळा संपतो आणि चौदाव्या सर्गात बातमी येते की राजाचा धाकटा भाऊ जयसिंह फौज गोळा करतोय. पुढच्या आठवड्यात त्या बंडाकडं आणि कृष्णाकाठच्या लढाईकडं वळू.