यम, पायथन आणि एक स्वल्पविराम

सेंटओएस ७ च्या सर्व्हरवर कुणीतरी पायथन ३ बसवतो आणि ‘पायथन’ या आज्ञेचा दुवा नव्या आवृत्तीकडे वळवतो. त्यानंतर पायथनमध्ये लिहिलेला तिथला पॅकेज मॅनेजर, म्हणजे यम, चालवायला जावं, तर तिसाव्या ओळीवर सिंटॅक्स एरर! त्या ओळीत कंट्रोल-सी दाबल्यावर उठणारा अपवाद पकडलेला असतो आणि त्याच्या नावापुढे एक स्वल्पविराम असतो. पायथन २ ला तो चालायचा. ३ ला तिथे ‘ॲज’ लागतं. एवढ्यावर पॅकेज मॅनेजर आडवा होतो आणि ज्याच्याकरवी बिघाड निस्तरायचा, तेच साधन हातचं जातं.

पण म्हणून यमसाठी पायथन निवडणाऱ्यांना मी दोष देणार नाही. ड्यूक विद्यापीठात सेथ विडाल आणि मायकेल स्टेनर यांनी यलो डॉग लिनक्सच्या अपडेटरवरून यम घडवलं. रेड हॅटचा इन्स्टॉलर ॲनाकोंडाही पायथनमध्येच होता. मोजक्या माणसांना भराभर लिहिता यावं, कुठल्याही ॲडमिनला फाइल उघडून वाचता यावी, चार ओळींचा प्लगिन जोडता यावा, हे पायथनमुळे जमलं. यम रुजलं त्यात याचा मोठा वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

ही वाट नवी नव्हती. यम ज्यावर उभं आहे ते आरपीएम आधी पर्लमध्ये होतं, मग सीमध्ये आलं. डेबियनच्या डीपीकेजी या पॅकेज साधनाचंही तेच झालं; १९९४ मध्ये इयन जॅक्सन यांनी त्याचा मुख्य भाग सीमध्ये लिहून काढला. आधी काय हवं ते पटकन लिहिता येणाऱ्या भाषेत चाचपायचं, आणि सगळी यंत्रणा त्यावर विसंबू लागली की पाया बदलायचा.

यमच्या घराण्यात हा बदल फार सावकाश झाला. २०१५ मध्ये फेडोरा २२ ने यमच्या जागी डीएनएफ आणलं. तेही पायथनचंच, पण कोणत्या पॅकेजला काय लागतं हे सोडवायचं अवघड काम सीमधल्या लिबसॉल्व्हकडे गेलं. रेड हॅटच्या आरएचईएल ८ ने सिस्टिमच्या साधनांसाठी वेगळा पायथन बाजूला ठेवला. वापरणाऱ्याने आपल्या पायथनचं काहीही करावं, डीएनएफला धक्का लागत नाही. कंटेनरची गरज निराळी होती. तिथे इमेज लहान हवी, आणि केवळ पॅकेज मॅनेजरसाठी अख्खा पायथन भरणं परवडेना. त्यासाठी सीमधलं मायक्रोडीएनएफ निघालं.

अखेर २०२४ मध्ये फेडोरा ४१ सोबत सी++ मधलं डीएनएफ५ मुख्य झालं. त्याच्या गाभ्याला पायथन लागत नाही. पायथनमधून ते वापरण्याची सोय राखली आहे, पण डीएनएफचे जुने प्लगिन त्यावर तसेच चालत नाहीत. ज्यांनी ते लिहिले, त्यांना पुन्हा कामाला बसावं लागलं.