नैराश्यविरोधी औषधे आणि मेंदूचे रसायनशास्त्र : डॉ. विदिता वैद्य यांच्या संशोधनाचा परिचय

प्रस्तावना
नैराश्य हा मनाचा दुबळेपणा नसून तो एक आजार आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील दर २० प्रौढांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हा तरी नैराश्याने ग्रासलेले असते. भंडाऱ्यासारख्या धानशेतीवर अवलंबून असलेल्या जिल्ह्यातही हा प्रश्न दूरचा नाही. उपचार सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांत गुण न आल्यास ‘गोळी लागू पडली नाही’ असा निष्कर्ष काढून औषध बंद केले जाण्याचा धोका असतो. गुण येण्यास विलंब का लागतो, याचे शास्त्रीय विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

औषधांचा इतिहास
ही औषधे योगायोगाने गवसली. १९५२ मध्ये न्यूयॉर्क येथील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले असता त्यांची मनोवृत्ती प्रफुल्लित झाल्याचे आढळले. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ रोलँड कून यांनी इमिप्रामिनचे परिणाम प्रसिद्ध केले. ही औषधे चेतापेशींमधील सेरोटोनिन व नॉरॲड्रेनालिन या संदेशवाहक रसायनांचा प्रभाव वाढवतात, हे पुढे स्पष्ट झाले. त्यावरून ‘सेरोटोनिनची कमतरता म्हणजे नैराश्य’ हे सोपे समीकरण रूढ झाले. १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फ्लुओक्सेटिनमुळे ते अधिकच लोकप्रिय झाले.

समीकरणातील उणीव
औषध घेतल्यापासून काही तासांतच चेतापेशींमधील फटीतील सेरोटोनिनवर परिणाम होऊ लागतो. रुग्णास आराम मात्र साधारणतः दोन ते सहा आठवड्यांनी जाणवतो. केवळ कमतरता हेच कारण असते, तर हा विलंब झाला नसता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यातही या समीकरणास सुसंगत पुरावा मिळाला नाही. तथापि, त्यावरून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२२ चाचण्यांच्या विश्लेषणात २१ औषधे औषधरहित गोळीपेक्षा सरस ठरली, फरक मात्र माफक होता.

डॉ. वैद्य यांचे कार्य
या विलंबाच्या काळात मेंदूत काय घडते, हा डॉ. विदिता वैद्य यांच्या संशोधनातील एक प्रमुख प्रश्न आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी येल विद्यापीठात रोनाल्ड ड्युमन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली व २००० मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रयोगशाळा उभारली. त्यांना २०१५ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक व २०२२ चे इन्फोसिस पारितोषिक लाभले आहे.

औषधांच्या दीर्घ सेवनाने चेतापेशींना पोसणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण वाढते आणि स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागात नवीन चेतापेशी निर्माण होण्यास चालना मिळते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. ही जडणघडण एका दिवसात होत नाही. रोवणी झाल्यावर रोपाला मूळ धरण्यास वेळ लागतो, तसेच हे आहे. नॉरॲड्रेनालिनच्या एका विशिष्ट ग्राहीस अटकाव केल्यास हे बदल अधिक लवकर घडतात, असे डॉ. वैद्य यांच्या गटाने २०१० मध्ये दाखविले. २०१९ मध्ये डॉ. उल्लास कोल्थुर-सीताराम यांच्यासह केलेल्या संशोधनात, सेरोटोनिन चेतापेशींतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या व कार्यक्षमता वाढविते, असे दिसून आले. म्हणजेच सेरोटोनिन हे केवळ निरोप पोहोचविणारे रसायन नसून पेशीच्या ताण सोसण्याच्या क्षमतेशीही त्याचा संबंध आहे. बाल्यावस्थेत मातेपासून वारंवार दूर ठेवलेल्या उंदरांच्या पिल्लांत प्रौढपणीही चिंतेची लक्षणे टिकून राहतात, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. अर्थात, हे निष्कर्ष प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांचे असल्याने मानवास ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

समारोप
उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, औषध लागू पडते की नाही हे ठरविण्यास काही आठवडे द्यावे लागतात. दुसरी, औषध अचानक बंद केल्यास त्रास उद्भवू शकतो. म्हणून मात्रा कमी करणे वा औषध थांबविणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. तिसरी, सुधारणा दिसण्यापूर्वीचा काळ जोखमीचा असतो. या काळात रुग्णास एकटे पडू न देणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे. आत्महत्येचे विचार व्यक्त झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. मेंदूला सावरण्यासाठी वेळ लागतो, हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. तो वेळ रुग्णास मिळवून देणे ही समाजाची जबाबदारी आहे.