समूहाचे काम आणि एकेकाची जबाबदारी

बारावीचा निकाल लागल्यानंतर प्रवेशाच्या धांदलीत जी मुलेमुली जनसंज्ञापनाच्या अभ्यासक्रमाकडे वळतात, त्यांच्या मनात बहुधा कॅमेरा असतो, वृत्तनिवेदकाचे आसन असते, अथवा एखाद्या प्रतिभावंताने एकट्याच्या दृष्टीतून साकार केलेल्या चित्रपटाचे स्वप्न असते; परंतु पहिले सत्र अर्धे सरते न सरते तोच सूचनाफलकावर एक यादी लागते, आणि तिच्यात आपल्या नावाखाली आणखी चार अनोळखी नावे आढळतात. या पाच जणांनी मिळून ठरलेल्या मुदतीत एक माहितीपट, नभोवाणीचा एक कार्यक्रम किंवा प्रायोगिक वृत्तपत्राचा एक अंक सिद्ध करावा, असे ते फर्मान असते. मुंबई विद्यापीठाने २००० साली या विषयाची स्वतंत्र पदवी सुरू केली, आणि पुढे महाराष्ट्रातील गावोगावच्या महाविद्यालयांत हे शिक्षण पोहोचले. त्याबरोबर या यादीचा अनुभवही असंख्य घरांत पोहोचला. मी स्वतः या शिक्षणातून नुकतीच बाहेर पडले आहे, आणि माझे मत असे झाले आहे, की या साऱ्या अभ्यासक्रमात समूहकार्याइतके मोलाचे दुसरे काही नाही, आणि त्याच्याइतक्या निष्काळजीपणे हाताळले जाणारेही दुसरे काही नाही.

चलच्चित्राचे काम स्वभावतःच एकट्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ज्याची नजर भिंगातून प्रकाशाचा अंदाज घेत आहे, त्याला त्याच क्षणी दूरवरून येणाऱ्या रिक्षाच्या आवाजाकडे कान देता येत नाही. जो मुलाखत देणाऱ्याला धीर देऊन बोलते करीत आहे, त्याला मागच्या टेकच्या वेळी त्या गृहस्थांच्या चष्म्याची जागा कुठे होती हे आठवत नाही. आणि जो पोलिसांची परवानगी, भाड्याने आणलेले दिवे व सर्वांचे जेवण यांचा बंदोबस्त पाहत आहे, त्याने दृश्याच्या सौंदर्याचा विचार करावा अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. म्हणूनच या व्यवसायात आरंभापासून श्रमविभागाची पद्धत रूढ झाली, आणि तिचे एक उत्तम उदाहरण आपल्याच भूमीत घडलेले आहे. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली तेव्हा तिच्या पाच भागीदारांपैकी व्ही. शांताराम दिग्दर्शन पाहत, केशवराव धायबर छायालेखन पाहत, साहेबमामा फत्तेलाल कलानिर्देशन सांभाळीत, सीतारामपंत कुलकर्णी द्रव्यबळाची बाजू सांभाळीत, आणि बोलपटाचा जमाना आल्यावर ध्वनिमुद्रणाची धुरा विष्णुपंत दामले यांनी उचलली. प्रत्येकाचे क्षेत्र निश्चित होते आणि त्या क्षेत्रात त्याचा शब्द प्रमाण होता. यातील विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की १९३६ सालचा ‘संत तुकाराम’, ज्याचा पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तो दिग्दर्शित केला दामले व फत्तेलाल यांनी. म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षे एकेका अंगाची निष्ठेने सेवा केली, त्यांनाच पुढे संपूर्ण चित्रकृतीचे मर्म हस्तगत झाले.

१९३३ मध्ये ही कंपनी पुण्यास आली, आणि तिच्याच आवारात केंद्र सरकारने १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था उभारली. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणाची शाखाही दिल्लीहून तेथे आली, आणि आज आपण जिला एफटीआयआय म्हणून ओळखतो ते तिचे रूप सिद्ध झाले. तेथे डिप्लोमा फिल्म करण्यासाठी जे विद्यार्थी एकत्र येतात, त्यांच्यापैकी एक दिग्दर्शनाचा, एक छायालेखनाचा, एक ध्वनीचा व एक संकलनाचा अभ्यासक असतो, आणि प्रत्येक जण आपल्या विषयाचा विद्यार्थी म्हणूनच त्या कामात उतरतो. सर्वसाधारण महाविद्यालयांतील पदवीच्या वर्गाची स्थिती याहून सर्वस्वी वेगळी असते. तेथे पाचही जण एकच विषय शिकत असतात, कोणीही कोणत्याही अंगात पारंगत नसतो, आणि त्यामुळे कामाची वाटणी गुणांवरून न होता परिस्थितीवरून होते. ज्याच्या घरी चांगला कॅमेरा आहे तो छायालेखक होतो. ज्याच्याकडे दुचाकी आहे त्याच्या गळ्यात प्रॉडक्शन पडते. ज्याचा लॅपटॉप जड फुटेज पेलू शकतो तो संकलक ठरतो. जो मोठ्याने बोलतो तो दिग्दर्शक होतो. आणि मुलींच्या वाट्याला वेशभूषा, कागदपत्रे व फोनाफोनी ही कामे जणू वहिवाटीने येतात. ज्या मुलीला वसतिगृहाचे दार बंद होण्यापूर्वी परतायचे आहे, आणि ज्या मुलाला गावाकडे जाणारी शेवटची एसटी गाठायची आहे, त्यांची गैरहजेरी आळसात जमा होते. खर्चाची वर्गणी सर्वांना सारखीच लावली जाते, पण ती भरण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते, आणि ही गोष्ट ज्याला बोचते तो बहुधा मुकाट्याने सोसतो.

असे असूनही, ज्या प्रकल्पात वाटणी नीट झाली त्याचा आनंद मी घेतलेला आहे, आणि म्हणूनच या पद्धतीविषयी मला एवढी कळकळ वाटते. दसऱ्याच्या आधीच्या दिवसांत पुण्याच्या मार्केट यार्डातील फुलबाजारावर आमच्या गटाने एक छोटा माहितीपट केला. झेंडूच्या राशी, शेवंतीच्या पाट्या, आडत्यांचे पुकारे, वाट काढणारे हमाल आणि टेम्पोंचे भोंगे यांनी ती पहाट गजबजलेली होती. चित्रण आटोपले, सर्वांना भूक लागली होती, आणि सामान आवरण्याची घाई चालली होती. अशा वेळी जिने ध्वनीची जबाबदारी घेतली होती तिने आम्हा सर्वांना जागच्या जागी थांबविले, आणि कोणीही एक अक्षर न बोलता त्या बाजाराचा निव्वळ आवाज मिनिट-दीड मिनिट मुद्रित करून घेतला. काही चेहऱ्यांवर नाराजी उमटली. परंतु ते तिचे क्षेत्र आहे हे आधीच ठरलेले असल्यामुळे कोणी हुज्जत घातली नाही. पुढे संकलनाला बसल्यावर त्या मिनिटाचे मोल कळले. मुलाखतीतील एखादे वाक्य काढून दोन तुकडे जोडले, की मागचा आवाज तेथे तुटतो, आणि प्रेक्षकाला कारण कळले नाही तरी ठेच मात्र लागते. त्या प्रत्येक जोडाखाली तिने जपलेला बाजाराचा आवाज पसरून दिला आणि सर्व सांधे झाकले गेले. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या कोणालाही हे सुचले नसते, आणि सुचण्याची गरजही नव्हती. कारण त्या एका गोष्टीची काळजी वाहणारे माणूस आमच्यात होते.

याच्या उलट अनुभव येतो तो बहुधा चित्रणानंतर. चित्रण हा सोहळा असतो. त्याला सर्व जण येतात, छायाचित्रे काढली जातात, आणि श्रमाचेही कौतुक होते. संकलन मात्र एकांतातले काम आहे. सारे फुटेज उतरवून घेणे, प्रत्येक फाइलला नाव देणे, क्लॅपच्या आधाराने चित्राशी ध्वनी जुळविणे, सर्व टेक पुन्हा पाहून निवड करणे, पहिली कच्ची जुळणी, म्हणजे रफ कट, बांधणे, तो सर्वांच्या सूचनांनुसार पुन्हा मोडणे, रंग व आवाज यांची पातळी सारखी करणे, उपशीर्षके लिहिणे, ही सारी कामे एका खोलीत, एका यंत्रासमोर आणि पुष्कळदा एकाच व्यक्तीला करावी लागतात. तंत्रातील बदलाने हा भार आणखी वाढविला आहे. फिल्मच्या काळात पस्तीस मिलिमीटरचे हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपत असे, आणि ते महाग असल्यामुळे कोणते दृश्य कोठून घ्यायचे याचा निर्णय आधी कागदावर व्हावा लागे. आजच्या मेमरी कार्डावर तासन्‌तास चित्रण मावते. त्यामुळे गटात एकमत होत नसेल, तर प्रत्येकाच्या मनासारखा एकेक टेक घेऊन वाद मिटविता येतो, आणि जो निर्णय पाच जणांनी मिळून घ्यायचा होता तो न घेताच संकलकाच्या पदरात टाकला जातो. एका प्रकल्पात आमच्या एका मैत्रिणीने अशा अनिर्णित फुटेजपायी रात्रीमागून रात्री जागविल्या. जो सहाध्यायी चित्रणाच्या दिवशी तेवढा उगवला होता, त्याच्या व तिच्या गुणपत्रिकेत त्या विषयाचे गुण मात्र समान आले. तक्रार केली तेव्हा, गटाचे काम म्हणजे गटाचे गुण, असे उत्तर मिळाले. पुढल्या सत्रात तिने संकलन करण्यास नकार दिला, आणि एक चांगली संकलक आमच्या वर्गाने गमावली.

या घटनेत एखाद्या विद्यार्थ्याच्या स्वभावाचा दोष पाहण्यापेक्षा तिच्या मुळाशी असलेला मनुष्यस्वभावाचा नियम समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांच्या बळाचे मोजमाप केले, आणि १९१३ साली ते प्रसिद्ध केले. एकट्या माणसाचे बळ शंभर धरले, तर दोघे मिळून ओढताना दरडोई बळ ९३, तिघे असताना ८५, आणि आठ जण असताना अवघे ४९ भरले. याचा काही अंश ओढण्याचा ताल न जुळल्यामुळे घडतो हे खरे. परंतु १९७० च्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा प्रयोग केले, तेव्हा आपल्याबरोबर इतरही ओढत आहेत अशी नुसती समजूत करून दिली तरी माणसाचा जोर कमी होतो, असे दिसून आले. १९७९ मध्ये बिब लॅटाने व त्यांचे सहकारी यांनी टाळ्या वाजविणे व ओरडणे यांसारख्या साध्या कृतींतही हेच दाखविले. आणि त्यानंतरच्या त्यांच्या प्रयोगांतून, प्रत्येकाचा वाटा स्वतंत्रपणे ओळखता येणार आहे असे माणसाला ठाऊक असले म्हणजे ही शिथिलता जवळजवळ नाहीशी होते, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे सर्वांना सरसकट समान गुण देणारी पद्धत समतेच्या भावनेने आलेली असली, तरी ज्या परिस्थितीत माणूस हात आखडता घेतो नेमकी तीच परिस्थिती ती निर्माण करते.

यावरचा उपाय अवघड नाही, आणि त्याला खर्चही फारसा लागत नाही. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक गटाने एका पानाचा करारनामा लिहावा: कोणते अंग कोणाकडे, कोणाची मुदत कोणती, मतभेद झाल्यास कोणत्या बाबतीत कोणाचा शब्द अखेरचा, आणि खर्चाची मर्यादा किती. ज्यांना दूर जायचे आहे त्यांच्या वेळा याच पानावर याव्यात, म्हणजे कोणी केव्हा व कोठे हजर राहायचे हे सांगणारी कॉलशीट त्या वेळा सांभाळून तयार होईल. चित्रणाच्या वेळी दृश्य, शॉट व टेक यांची नोंदवही ठेवावी, आणि कोणता टेक पसंत आहे ते तेथल्या तेथे लिहावे. संकलकाच्या कित्येक रात्री त्या एका खुणेने वाचतात. फुटेजच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर, दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या ताब्यात असाव्यात. रोजचा जमाखर्च सर्वांसमोर मांडावा. रफ कट पाहण्यास सर्वांनी हजर राहून सूचना लेखी द्याव्यात, आणि त्यानंतर नवी सूचना करण्याची मुदत संपावी. हे सारे कागद एकत्र केले, की प्रकल्पाचे दप्तर तयार होते, आणि कोणी किती काम केले याची साक्ष ते दप्तरच देते.

या दप्तराचा उपयोग करण्याची जबाबदारी महाविद्यालयांची आहे. गुणांचा एक भाग संपूर्ण कृतीसाठी सर्वांना समान असावा, कारण शेवटी प्रेक्षकापुढे एकच कृती जाते आणि तिच्या यशापयशात सर्वांचा वाटा असतो. दुसरा भाग प्रत्येकाने स्वीकारलेल्या अंगासाठी, दप्तर तपासून व त्याच अंगावर तोंडी परीक्षा घेऊन द्यावा. सत्रागणिक कामांची अदलाबदल सक्तीची असावी, म्हणजे मुलीच्या हाती कॅमेरा येईल, कॅमेऱ्याचा मालक हिशेबाची वही लिहील, आणि मोठ्याने बोलणाऱ्याला हेडफोन लावून दुसऱ्याचे ऐकावे लागेल. साधने महाविद्यालयानेच पाळीपाळीने पुरवावीत, निदान एक संकलनाचे यंत्र सर्वांसाठी खुले ठेवावे, म्हणजे कोणाचे काम काय असावे हे त्याच्या घरच्या सांपत्तिक स्थितीवरून ठरणार नाही.

हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा असता, तर त्यासाठी एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. आजचे हे विद्यार्थी उद्या वृत्तसंस्थांत, दूरचित्रवाणीच्या कचेऱ्यांत आणि चित्रपटांच्या संचांवर काम करणार आहेत. एखादी खोटी बातमी प्रसारित होते तेव्हा ती वार्ताहर, उपसंपादक, निर्माता अशा अनेकांच्या हातांखालून गेलेली असते, आणि पडताळणी दुसऱ्या कोणीतरी केली असेल अशी प्रत्येकाची समजूत असते. सर्वांची म्हणून सोडलेली जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हे ज्याने विद्यार्थिदशेत अनुभवले आणि त्यावरचा उपायही त्याच वयात शिकून घेतला, तो उद्या आपल्या वाट्याची पडताळणी केल्यावाचून बातमीला हात लावणार नाही. म्हणून नव्या सत्रात सूचनाफलकावर गटांची यादी लावताना प्रत्येक नावापुढे त्याचे कामही लिहिले जावे, आणि त्या कामाचा जाब त्याच्याकडूनच घेतला जावा, अशी माझी सर्व अध्यापकांना आग्रहाची विनंती आहे.