बर्फावरची हेली

२० फेब्रुवारी २०१४ची रात्र. रशियातील सोची येथे हिवाळी ऑलिंपिकमधील महिलांच्या आइस हॉकीचा अंतिम सामना चालू आहे. अमेरिका २, कॅनडा १. शेवटची दीड-दोन मिनिटे उरली आहेत. बरोबरी साधण्यासाठी कॅनडाने आपली गोलरक्षक बाहेर काढून तिच्या जागी एक जादा आक्रमक खेळाडू उतरवली आहे. म्हणजे कॅनडाचा गोल मोकळा! एवढ्यात एका अमेरिकन मुलीने चकती दूरवरून त्या मोकळ्या गोलाकडे ढकलली. चकती सरळ रेषेत घसरत निघाली. ती आत गेली की सामना संपला.

आपल्या मैदानावरचा चेंडू एवढ्या अंतरात गवताला अडून केव्हाच मंदावला असता. बर्फावर घर्षण फार थोडे. न्यूटनचा पहिला नियम पुस्तकाबाहेर पाहायचा असेल, तर ही जागा चांगली. चकती गेली, गोलाच्या खांबावर आपटली आणि बाजूला सरली. खेळ पुन्हा सुरू झाला. एक मिनिटही उरले नसताना कॅनडाने बरोबरी केली. जादा वेळेत कॅनडाची एक उंच, पस्तिशीची खेळाडू चकती घेऊन एकटीच गोलाकडे सुटली. तिला मागून पाडण्यात आले, त्याबद्दल अमेरिकेची खेळाडू बाहेर बसली आणि त्या संधीत कॅनडाने सुवर्णपदक जिंकले. जिला पाडले तिचे नाव हेली विकनहायझर. तिचे हे चौथे ऑलिंपिक सुवर्णपदक.

हेलीचा जन्म १२ ऑगस्ट १९७८चा, कॅनडाच्या सस्कॅचेवन प्रांतातील शॉनव्हन या छोट्या गावातला. तिकडे हिवाळ्यात अंगणात पाणी सोडले की सकाळी मैदान तयार! तिच्या वडिलांनी घरामागे असेच बर्फाचे मैदान करून दिले होते. मुलींचे संघ जवळपास नव्हतेच, म्हणून ती मुलांच्या संघात खेळली. मुलीने हा खेळ कशाला खेळावा, असे विचारणारे तेथेही होते. (आमच्या प्रयोगशाळेतही उपकरणांची जुळणी मुलांनी करायची आणि आकडे मुलींनी लिहायचे, ही वाटणी मला दर वर्षी नव्याने मोडावी लागते.) १९९४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, ती कॅनडाच्या राष्ट्रीय संघातून जागतिक स्पर्धेत उतरली.

आता थोडे बर्फाकडे वळू. बर्फ घसरडा का असतो? तुमच्यापैकी पुष्कळजण उत्तर देतील की पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो. आम्हीही महाविद्यालयात हेच शिकलो. लादीवर वजने टांगलेली तार ठेवली की ती बर्फ कापत खाली जाते आणि वरचा बर्फ पुन्हा जुळतो, तो पुनर्हिमायनाचा प्रयोग तुम्ही पाहिला असेलच. पण हिशोब करून पाहा. खेळाडूचे वस्तुमान ७० किलोग्रॅम धरले, तर बल सुमारे ७०० न्यूटन. पाते ३ मिलिमीटर रुंद आणि त्याचा २० सेंटिमीटर भाग बर्फावर टेकलेला, म्हणजे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. दाब आला सुमारे १२ वातावरण. एक वातावरण दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक साधारण ०.००७४ अंश सेल्सिअसने उतरतो. म्हणजे बारा वातावरणांनी तो अंशाच्या दहाव्या भागाइतकाही उतरत नाही! खेळाडू पात्याच्या कडेवर कलली आणि टेकलेला भाग दहापट कमी झाला असे मानले, तरी उतार एका अंशाच्या आतच राहतो. हॉकीच्या मैदानावरचा बर्फ तर उणे ५ अंशांच्या आसपास ठेवतात. तारेचा प्रयोग जमतो, कारण तेथे बर्फ आधीच शून्य अंशावर, वितळण्याच्या बेतात असतो.

मग खरे कारण कोणते? मायकेल फॅरेडे याने १८५०च्या सुमारास सुचवले की बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा एक पातळ थर मुळातच असतो. बर्फाचे दोन खडे एकमेकांवर दाबले की ते चिकटतात ते त्यामुळे, असे त्याचे म्हणणे. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून धरणारे शेजारी नसतात, म्हणून ते आतल्या रेणूंसारखे जखडलेले राहत नाहीत. त्यात पाते वेगाने घासले की घर्षणाची उष्णता भर घालते. या दोहोंत कशाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचे वाद आजही चालू आहेत.

हेलीकडे परत येऊ. १९९८ साली जपानमधील नागानो येथे महिलांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथमच आली. तेथे कॅनडा अमेरिकेकडून हरला आणि तिला रौप्यपदक मिळाले. २००० साली तर ती सिडनीच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल खेळली! २००२, २००६ आणि २०१० साली हॉकीची सुवर्णपदके आली.

पण मला जास्त मोलाचा वाटतो तो २००३चा हिवाळा. त्या वर्षी ती फिनलंडमध्ये किर्ककोनुम्मी सालामात या पुरुषांच्या व्यावसायिक संघातून खेळली. फिनिश भाषेत सालामात म्हणजे विजा. तेथे अडचण होती धडकांची. महिलांच्या सामन्यांत अंगावर जाऊन धडक देण्यास मनाई होती, पुरुषांच्या खेळात ती रीतच. समजा, ९५ किलोग्रॅमचा गडी ७५ किलोग्रॅमच्या खेळाडूवर आदळला. दोघांवरचे बल सारखेच असते, तिसरा नियम तसेच सांगतो. पण वस्तुमान कमी असलेल्याच्या वेगात सव्वापटीहून अधिक बदल होतो, म्हणजे फेकला जातो तो हलका. यावर उपाय दोनच. गुडघे वाकवून गुरुत्वमध्य खाली ठेवायचा, नाहीतर धडक येते तेथे आपण असायचेच नाही. पाते पुढे घसरते, पण आडवे रोवले की बर्फाला धरते. त्या पकडीवर क्षणात दिशा बदलता येते. १ फेब्रुवारी २००३ रोजी तिने गोल केला. पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यात गोल करणारी ती पहिली स्त्री.

जानेवारी २०१७ मध्ये ती निवृत्त झाली आणि त्याच वर्षी कॅलगरी विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकायला बसली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी! २०२०च्या मार्चमध्ये करोनाची साथ पसरत असताना टोकियो ऑलिंपिक ठरल्या वेळीच घेण्याचा हट्ट चालू होता. हेली स्वतः आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगाची सदस्य. तरीही हा आग्रह बेजबाबदारपणाचा आहे, असे तिने जाहीर सांगितले. ती तेव्हा रुग्णालयात विद्यार्थिनी म्हणून काम करत होती, समोर काय येत आहे ते तिला दिसत होते. आठवड्याभरातच स्पर्धा पुढे ढकलल्या गेल्या. २०२१ साली ती डॉक्टर झाली.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. जानेवारी २०१८ मध्ये हेली आपल्या लडाखमध्ये आली होती. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंच आहे, तेथे हवा इतकी विरळ की नवख्याला जिना चढतानाही धाप लागते. येथील मुलींचा भर असलेल्या भारतीय महिला संघाने आदल्या वर्षी, २०१७ साली, फिलिपाइन्सला ४-३ असे हरवून आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला होता. हेलीने त्यांच्याबरोबर बर्फावर उतरून सराव घेतला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय मुली तिच्या स्पर्धेसाठी कॅलगरीला जाऊन आल्या. लडाखमध्ये मैदान तयार करण्याची जुनी रीत हेलीच्या वडिलांचीच. हिवाळ्यात रात्री पाणी सोडायचे आणि सकाळी पाती बांधून खेळायला उतरायचे.